बिरजूचा उजवा हात

बिरजू डावखोरा होता. कुऱ्हाड, कोयता, भाताचा घास, सगळं डाव्या हातानं. सुकरीशी लग्न करायचं तर तिच्या बापाच्या, इसरूच्या घरी चार वर्षं राबायचं, असं ठरलं. अशी चाकरी गावात नवी नव्हती. अट मात्र इसरूची स्वतःची होती.

"माह्या घरी डाव्या हाताचं काम नाई चालत. बी पेरणं नाई, जेवण नाई, कुऱ्हाड नाई. एकडाव चुकला का आपल्या गावी जायचं."

"बरं, मामा," बिरजू म्हणाला.

हे १९५३ सालचं. गाव अहेरीहून तीन कोसांवर. वीतभर जाडीचं येनाचं झाड बिरजू एक विडी ओढून होईस्तोवर डाव्या हातानं पाडायचा. उजव्यानं घाव एका जागी बसेना. खाच वाकडी जायची, दुप्पट घाव लागायचे, खांदा सुजायचा. सुकरी कुंपणापलीकडून विचारायची, "झाड तोडून राह्यला का त्याले गुदगुल्या करून राह्यला?" तो उत्तर देत नसे. बोलण्यात दम घालवणं परवडत नव्हतं. जेवताना डावा हात मांडीखाली दाबून बसायचा. दोन वर्षं तो एकदाही चुकला नाही.

पंचावन्न साली होळीनंतर अहेरीच्या बाजारात तंबूचा सिनेमा आला. पडदा म्हणजे साधं पांढरं कापड. त्यावर पाणी मारलं की चित्र मागूनही दिसायचं. मागे बसणाऱ्याला तिकीट निम्मं. पाणी मारायला तंबूवाल्यानं बिरजूला धरलं. शिडीवर चढून खेळाआधी दोन बादल्या, मध्यंतरात दोन. इसरू आणि सुकरी मागे बसले.

सिनेमा हेराचा होता. शत्रूचा माणूस लष्कराच्या कचेरीत कारकून होऊन राहतो. तो डावखोरा आहे एवढंच पोलिसांना ठाऊक, म्हणून तो इतरांसारखं सगळं उजव्या हातानं करतो. शेवटी एक फौजदार बोलता बोलता त्याच्याकडे आगपेटी फेकतो. डावा हात उठतो, झेलतो, आणि बेड्या पडतात.

मागून हे सगळं उलटं दिसलं, उजवा हात डावा आणि डावा उजवा. इसरूला हिंदी फारसं कळत नव्हतं. हात कळत होते. परतताना तो म्हणाला, "मोठमोठे साहेब डाव्यानं जेवते, डाव्यानं लिहिते. ज्यानं उजवा हात दाखवला त्यालेच धरलं. आन मी तुले काऊन अडवू? उद्यापासून डाव्यानं कर."

बिरजूनं पडदा दोन्ही बाजूंनी पाहिला होता. तो काही बोलला नाही.

त्या वर्षी इसरूचं सगळं काम वेळेआधी उरकलं. कुंपण झालं, बांध झाला, धानाची पेरणी झाली. बिरजूला मात्र पूर्वीपेक्षा झोप कमी लागायची. सुकरीला त्यानं पडद्याचं खरं सांगितलं. ती म्हणाली, "चूप राह्य. दोनच वर्षं राह्यली."

पुढच्या वर्षी तोच तंबू, तोच सिनेमा. लोक पुन्हा लोटले. शेवट सगळ्यांना पाठ होता, तरी बायका पोरं काखेत मारून आल्या. खेळ सुटल्यावर चहाच्या टपरीपाशी शेजारगावचा लालसू इसरूला भिडला. तो पुढे बसला होता.

"जासूस डावखोरा आहे, इसरूभाऊ. म्हणून तं सापडला."

"तुह्या डोळ्यात फूल पडलं. तिथं सारेच डावखोरे आहे."

"निम्म्या तिकिटात निम्मंच दिसते, भाऊ!"

लोक हसले. इसरू तापला. त्यानं बिरजूला पुढे ओढलं. "हा पाणी मारते. यानं दोन्हीकून पाह्यलं. सांग बिरजू, खरं कोणतं?"

सुकरीनं मान हलवली. नको म्हणून. बिरजूनं बादली खाली ठेवली.

"पुढचं खरं, मामा. मांगून उलटं दिसते."

"मांगच्या वर्षी माहीत होतं तुले?"

"होतं."

इसरू वळला आणि चालू लागला. दोघं दहा पावलं अंतर ठेवून मागे. सुकरी रडत होती. बिरजू मनातल्या मनात आपलं सामान बांधत होता. एक कुऱ्हाड, एक घोंगडी. फार वेळ लागणार नव्हता.

नाल्यापाशी इसरू थांबला.

"मंग तो जासूस डावखोरा असून साऱ्या सिनेमाभर उजव्यानं लिहीत होता?"

"हो."

"जेवत होता?"

"हो, मामा."

"आन तू दोन वर्षं झाडं तोडली." त्यानं बिरजूचा उजवा हात धरून उलटा केला. घट्टे चांदण्यात नीट दिसत नव्हते, म्हणून अंगठ्यानं चाचपले. "खोटं बोलला नाई, पण चूप राह्यला. त्याचं एक वर्ष जास्त राबजो. आपल्या हातानं."

"कोणत्या?" सुकरीनं विचारलं.

"ज्यानं काम होते त्या."

पुढच्या बाजाराला इसरूनं पूर्ण तिकीट काढलं आणि पुढे बसला. आता त्याला हेराचे हात पाहायचे होते. लेखणी कशी धरतो, घास कसा उचलतो, कुठे अवघडतो. पुढच्या दोन वर्षांतही सिनेमा आला तेव्हा तो गेला. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात, पाच वर्षं भरल्यावर, सुकरीचं लग्न झालं. एकोणसाठ साली तंबूवाल्यानं नवा सिनेमा आणला, गाण्यांचा आणि नाचाचा. इसरू मध्यंतरात उठून बाहेर आला.

"काऊन, मामा?" बिरजूनं शिडीवरून विचारलं.

"यात कोणी मेहनतच करून नाई राह्यलं," इसरू म्हणाला आणि विडी पेटवायला बसला.