मालकाचं नाव

पहिला दिवस गाजवावा तर माझ्या मेव्हण्यानंच. नोकरी कसलीही असो, हा गडी लग्नातला काळा कोट चढवून, मिशीला तेल लावून असा जायचा की साहेबच ह्याला नमस्कार करायचे. भानगड व्हायची ती दुसऱ्या दिवशी. दूध सोसायटीत लागला तेव्हा सगळे कॅन घासून आरशागत केले, दूध भरून खोलीत कुलपात ठेवले, आन नोकरी लागली म्हणून किल्ली खिशात घेऊन कपिलधारला नारळ फोडाय गेला. दूध नासलं, नोकरी बी नासली. पुढं सोसायटीच्या दुकानात मालाची मांडणी इतकी झोकात केली की गावाला आठवडाभर मीठ सापडलं न्हाई. वर मलाच सांगायचा, "दाजी, सुरवात दणक्यात पायजे. बाकीचं आपोआप हुतं." इतकं ठासून बोलायचा की मला बी खरं वाटायचं.

दुष्काळात सोसायटीनं जनावरांची छावणी काढली. माझ्या बायकोनं, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीनं, सेक्रेटरीपुढं पदर पसरून ह्याला वैरण वाटायच्या कामाला लावलं. सेक्रेटरी म्हणला, "बाई, तुमच्या शब्दावर घेतो. दुपारपर्यंत जनावरांच्या तोंडात वाढं पडलं न्हाई, तर हा कोट घेऊन घरी." वाढं म्हणजे उसाचे शेंडे, त्या साली तेवढाच चारा.

कोटवाला सकाळीच बाजेवर उभा राहिला आन नियम काढला. जनावराच्या मालकाचं नाव मोठ्यानं सांगायचं, मगच पेंढी. गावातले गडी बहुतेक ऊसतोडीला गेलेले, रांगेत सगळ्या बायाच. पहिलीला विचारलं, "मालक कोण?" ती लाजून म्हणली, "आमचे ते." दुसरी म्हणली, "पिंटूचे बाबा." तिसरी नुसती जमिनीकडं बघत राहिली. नवऱ्याचं नाव कोण बाई घेती? उन्हं चढली, गाया हंबरायला लागल्या, रांग हलंना. सेक्रेटरी घड्याळ बघाय लागला. मी टाकीपाशी बैलांना पाणी पाजत होतो, तिथनंच ओरडलो, "अरं, नवऱ्याचं नाव घ्याय लावतो का बे बायांना?"

"दाजी, नियम म्हणजे नियम!"

पुढची त्याची बहीणच.

"मालक कोण?"

"तुझा दाजी, मुडद्या!"

"दाजी हे नाव न्हाई, अक्का."

तिनं सेक्रेटरीकडं बघितलं, भावाकडं बघितलं. पदर सारखा केला, कंबरेवर हात ठेवला आन सगळ्या छावणीला ऐकू जाईल असं म्हणली,

"हिरीला न्हाई पाणी, गायीची झाली हाडं,
दगडूरावांचं नाव घेते, टाक लवकर वाढं!"

छावणी खदखदली. मग काय, रांगेत चढाओढच लागली. जमिनीकडं बघणारी बी असा उखाणा घेऊन गेली की सेक्रेटरीच लाजला. सूर्य डोक्यावर यायच्या आत सगळी जनावरं रवंथ करत बसली. ही नोकरी पाऊस पडेस्तोवर टिकली. गडी अजून सांगतो, "कल्पना माझीच होती, दाजी." सांगू दे. मी बैलाच्या आड तोंड लपवून उभा होतो, ते त्याला ठाऊक न्हाई. लग्नात घास भरवताना एकदा आन त्या दिवशी, एवढंच माझं नाव तिच्या तोंडून ऐकलं.

ती गेल्यापासून मेव्हणा दर बाजाराच्या दिवशी येतो, कोट घालूनच. परवा छावणीतल्या सवयीनं दारातून दणकून ओरडला, "मालक कोण हाय घराचा?" आन चुलीकडं बघत राहिला.

शेवटी मीच म्हणलं, "दगडू."

नुसतंच नाव. लई कोरडं वाटलं.