कुलगुरूंच्या कपाटातल्या सदतीस फाईली

खून-दरोडे पाहिलेल्या माणसाने कागदांच्या चोरीची आठवण काय सांगायची, असं घरातले म्हणतात. पण इतक्या वर्षांच्या नोकरीतलं कोणतं प्रकरण अजून डोक्यातून गेलं नाही, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो. त्यातला चोर मला माझ्या हुशारीने सापडला नाही. माझ्याच मनातल्या खोटीमुळे सापडला. नावं कुणाचीच सांगणार नाही; त्यातली बरीच माणसं आता नाहीत, पण त्यांची मुलंबाळं आहेत.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सोलापुरात फौजदार होतो. आमच्या हद्दीत सात रस्त्याजवळ एका बंगल्यात एका माजी कुलगुरूंचं कार्यालय होतं. विद्यापीठ दुसऱ्या जिल्ह्यात, पण हे गृहस्थ आमच्याकडचे. आधी राज्यात मंत्री होते, मग कुलगुरू झाले आणि निम्मा कारभार इथूनच पाहत. मुदत संपली तरी त्यांच्या काळातलं दप्तर त्याच बंगल्यात दोन लोखंडी कपाटांत होतं. मंत्रिपदाच्या सवयीने त्यांनी विद्यापीठात आपल्या पक्षाची माणसं भरली, अशी कुणीतरी तक्रार केली. सरकारने चौकशी नेमली आणि सगळं दप्तर घेऊन हजर राहण्याचा हुकूम आला. त्याच आठवड्यात कपाटातल्या सदतीस फाईली गायब झाल्या. त्यांत नेमणुकांच्या फाईली होत्या, आणि तेवढंच सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं.

दप्तर सांभाळायला एक तरुण लघुलेखक होता. सगळे त्याला स्टेनो म्हणत, मीही तेच म्हणतो. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातला, अबोल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. कपाटाची किल्ली त्याच्या ताब्यात, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. फाईली नाही मिळाल्या तर कुलगुरूंची अब्रू जाणार होती हे खरं. पण स्टेनोची नोकरी जाणार होती आणि तो तुरुंगात जाणार होता. मोठ्या माणसाची अब्रू पुन्हा उभी राहते. विणकराच्या पोराला सरकारी नोकरी दुसऱ्यांदा कोण देतो?

आता माझं सांगतो. माझा एक बॅचमेट त्या वेळी स्थानिक गुन्हे शाखेत होता. नाशिकच्या पोलीस ट्रेनिंगला आम्ही एकाच बराकीत राहिलो, एकाच दिवशी पास झालो. पण डीएसपी साहेबांच्या, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांच्या, तोंडी सदा त्याचंच नाव. मीटिंगमध्ये मी आठ दिवस खपून केलेलं काम दोन मिनिटांत निघून जायचं आणि त्याचं काही असलं की साहेब खुर्चीत पुढे सरकायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कधी वाटायचं याची बदली गडचिरोलीकडच्या जंगलात व्हावी, कधी वाटायचं याच्या हातून एखादी चांगली घोडचूक व्हावी. हे लिहायला आज लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

या तपासात डीएसपी साहेबांनी सांगितलं, "तुम्ही बघा, पण ह्यांचाही सल्ला घ्या." म्हणजे झालंच! माझ्या हद्दीतला गुन्हा आणि सल्ला ह्याचा.

पंचनाम्याला गेलो तेव्हा कपाटात एक गोष्ट नजरेला आली. फाईल जिथून काढली, त्या प्रत्येक जागी एक चिठ्ठी उभी खोचलेली. चिठ्ठीवर फाईलचा नंबर आणि तारीख. खाली सहीसाठी रेघ ओढलेली, पण सही नाही. मी त्या सदतीस चिठ्ठ्या मोजून पाकिटात घातल्या, पाकिटाला लाख लावली, आणि हा माझा पुरावा म्हणून ते ठाण्यातल्या कपाटात कुलूप लावून ठेवलं. स्टेनोला दाखवल्या नाहीत. बॅचमेटला तर नाहीच नाही.

तिसऱ्या दिवशी टपालाने एक निनावी पत्र आलं. 'सदर इसमाच्या राहत्या घराची झडती घेतल्यास प्रकरणाचा उलगडा होईल', एवढंच. कागद डावीकडून सरळ दुमडून समास पाडलेला, अक्षर मोत्यासारखं. बॅचमेट नेमका ठाण्यात आला होता. त्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, "झडतीचं नंतर बघ की. हे लिहिलं कुणी ते आधी काढ. हा साधा माणूस नाही, कारकुनी हात आहे."

त्याचं बरोबर होतं. मला त्याच क्षणी कळलं की बरोबर आहे. आणि ते त्याच्या तोंडून आलं म्हणूनच मी ते केलं नाही. दोन पंच, हवालदार आणि तीन शिपाई घेऊन तासाभरात स्टेनोच्या दारात उभा राहिलो.

दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत त्याची आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. शिपायाने पलंग ओढला, त्याचा धक्का लागून सूप कलंडलं आणि तंबाखू सगळीकडे झाली. म्हातारी तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि गोळा करू लागली. दारात अख्खी चाळ जमली. घरात सापडल्या त्या लघुलिपीच्या जुन्या वह्या आणि टाइपिंगच्या परीक्षेचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. तरी मी त्याला गाडीत बसवलं.

हवालदार वळसंगचा, वयाने मोठा. परत येताना हळूच म्हणाला, "साहेब, ह्यो चोर न्हाय. चोराच्या घरातली मानसं आदी भांडत्यात. ही म्हातारी बगा की, नुसती तंबाकू गोळा करीत बसली." मी त्याला गप्प बसायला सांगितलं.

ठाण्यात जबाब सुरू केला. अंगाला हात लावला नाही, एवढं तरी माझ्या नावावर जमा असू दे. पण तेच तेच प्रश्न उलटसुलट विचारून त्याला जेरीस आणलं. कुणी सांगितलं, कुणाला दिल्या, जाळल्या का. तो मान खाली घालून नाही-नाही करत राहिला. शेवटी वर बघून म्हणाला, "सर, मी कशाला चोरू? त्या सगळ्या माझ्याच हातच्या आहेत. पत्र न् पत्र मीच टाइप केलेलं."

"नेमणुकांची?"

"नेमणुकांची कशी, सगळीच. त्यात वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीची फाईल आहे, परीक्षा हॉलच्या बाकांची आहे. ती कुणाला पाहिजे, सर?"

मी यादी काढली. खरंच होतं. तीन दिवस यादी माझ्या टेबलावर होती आणि मी त्यातल्या नेमणुकांवरच बोट फिरवत बसलो होतो. मग लाख फोडली आणि चिठ्ठ्या त्याच्यापुढे ठेवल्या. त्याने एक उचलली आणि लगेच म्हणाला, "ही पद्धत आमच्या विद्यापीठात नाही. फाईल काढली की जागेवर चिठ्ठी ठेवायची, हे मुंबईला सचिवालयात करतात. अण्णा मला नेहमी रागवायचे, तू चिठ्ठी ठेवत नाहीस म्हणून."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दाखवल्या नाहीत, सर."

अण्णा म्हणजे कुलगुरूंचे जुने पीए. साहेब मंत्री झाले तेव्हापासून सोबत. साहेब विद्यापीठात गेले तेव्हा अण्णाही मागोमाग गेले. आता निवृत्त होते, पण रोज दुपारी बंगल्यावर येऊन पेपर वाचत बसत. पंचनाम्याच्या वेळी चहा त्यांनीच मागवला होता. मला फार सज्जन वाटले होते.

मी गाडी काढून बंगल्यावर गेलो आणि कपाटात उरलेल्या फाईली उघडल्या. सरकारी पत्राच्या खाली डाव्या कोपऱ्यात मजकूर सांगणाऱ्याची आणि टाइप करणाऱ्याची आद्याक्षरं असतात. एकेक पत्र बघत गेलो. प्रत्येकाखाली टाइप करणारा एकच, अण्णा. पहिल्या काही महिन्यांतला पत्रव्यवहार तेवढा उरला होता. ते कपाट पाहून कुणी म्हटलं असतं की स्टेनो नावाचा माणूस कुलगुरूंकडे कधी कामाला नव्हताच.

मी तिथल्या स्टुलावर मटकन बसलो. कारण हे काम मला ओळखीचं होतं. माझ्या बॅचमेटच्या बक्षिसाची शिफारस, त्याच्या आमच्या हद्दीतल्या एका कामगिरीबद्दलची, माझ्या शेऱ्यासाठी माझ्याकडे आली होती. तीन आठवडे ती माझ्या ड्रॉवरमध्ये जुन्या समन्सांच्या खाली पडली होती. मी ती फाडली नव्हती. फाडायची छाती नव्हती आणि तेवढा मी वाईटही नव्हतो. फक्त ती कुणाच्या नजरेला पडू नये एवढंच मला हवं होतं. तेव्हा मला पक्कं कळलं की सदतीसच्या सदतीस फाईली शाबूत आहेत, जळाल्या नाहीत, विकल्या नाहीत. जळणारा माणूस कागद जाळत नाही, नजरेआड करतो. ठाण्यात परत जाऊन आधी ती शिफारस चांगला शेरा मारून रवाना केली आणि मगच अण्णांच्या घराकडे निघालो.

अण्णा जेवून सुपारी कातरत बसले होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "या. त्या पोराला सोडलं का?"

"तुम्ही सांगा, सोडू का?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि उठून आतल्या खोलीतली ट्रंक स्वतःच उघडली. वरच कपाटाची दुसरी किल्ली, ते पीए होते तेव्हाची. फाईली नंबराने लावलेल्या, लाल रुमालात बांधलेल्या. फाटलेल्या कडांना पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या.

"नासवल्या नाहीत," ते म्हणाले. "साहेबांचा कागद माझ्या हातून कसा फाटेल? चौकशीच्या आदल्या दिवशी मीच आणून देणार होतो. म्हणजे साहेबांना कळलं असतं, शेवटी अण्णाच कामाला येतो."

"आणि तो? ते निनावी पत्रही तुम्हीच धाडलंत. त्याला बेड्या पडल्या असत्या."

अण्णांनी ट्रंकेचं झाकण खाडकन लावलं. मग एकदम भडाभडा बोलू लागले. "एकोणीस वर्षं मी त्यांच्या मागं हाय. त्यांची सभा, त्यांचा दौरा, त्यांचं पथ्य, सगळं मी बघितलं. विद्यापीठात गेलो आणि हे कालचं पोर आलं. इंग्रजी फर्डं लिहितंय म्हणून साहेब त्यालाच हाक मारायचे. मी बाहेर बसून गाडीची तिकिटं काढायची. आता चौकशीला पण म्हणाले, स्टेनोला घेऊन जातो, कागद त्याला माहीत आहेत. मला म्हणाले, तुम्ही आराम करा अण्णा. आराम! मी काय त्यांना म्हातारा बैल वाटलो?"

"आणि चिठ्ठ्या कशाला ठेवल्या?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे काय? फाईल काढली की चिठ्ठी ठेवायला नको?"

मला हसू आलं नाही. रीतसर अटक दाखवली, मुद्देमाल जप्त केला, स्टेनोला सोडलं. जाताना माफी मागितली. फौजदाराने माफी मागायची तेव्हा रीत नव्हती, त्यामुळे मला ती धड मागता आली नाही, आणि त्यानेही ती धड घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलगुरू स्वतः ठाण्यात आले. फाईली ओळखून पंचांसमोर सही द्यायला स्टेनोला बोलावलंच होतं. अण्णा कोपऱ्यातल्या बाकावर. कुलगुरूंनी रुमाल सोडून दोनचार फाईली चाळल्या, नेमणुकांच्या आहेत का तेवढं बघितलं आणि हायसं वाटून बसले. मग मला विचारलं, "पण कारण काय याचं? कुणी फितवलं होतं का अण्णांना?"

मी सांगितलं. पत्रांखालच्या त्या दोन अक्षरांचं सांगितलं. त्यांनी एक पत्र डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाले, "अस्सं होय. मी कधी बघितलंच नाही. टाइप कुणी का केलेलं असेना, काय फरक पडतो?"

अटक करताना अण्णा डगमगले नव्हते. हे ऐकलं आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

मग स्टेनो, ज्याची आई चाळीसमोर जमिनीवरची तंबाखू वेचत बसली होती तोच स्टेनो, उभा राहिला आणि म्हणाला, "फरक पडतो, साहेब." एवढंच. पुढे येऊन त्याने अण्णांना पाण्याचा ग्लास दिला. अण्णांनी तो घेतला, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

कोर्टात अण्णांनी गुन्हा कबूल केला. वय आणि पहिलाच गुन्हा बघून मॅजिस्ट्रेटनी चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. कुलगुरू त्या दिवशी आले नाहीत. चौकशीला ते स्टेनोलाच घेऊन गेले आणि त्यातून सुटले.

गुन्ह्यात फायदा कुणाचा, हे विचारायला आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. या प्रकरणानंतर मी दुसरा प्रश्नही विचारू लागलो: हे कुणाच्या डोळ्यांत सलत होतं? पुष्कळ गुन्हे मला त्या प्रश्नाने सापडले. मी मात्र फारसा सुधारलो नाही. बॅचमेट पुढे माझ्यावर दोन पायऱ्या चढून गेला, त्याला मेडल मिळालं, आणि पेपरात फोटो आला की मी अजूनही पान उलटतो.

माझा निरोप समारंभ झाला तेव्हा नवे पोलीस अधीक्षक माझ्या सेवेबद्दल चांगलं दहा मिनिटं बोलले. बोलताना मधे थांबले आणि हार देण्याआधी त्यांनी हातातल्या कागदात बघून माझं नाव वाचलं. मी हसून हार घेतला. घरी आलो तर बायको म्हणाली, काय झालं, जेवत का नाही? मी म्हटलं, काही नाही, अण्णांची आठवण आली.