हातोडा नव्हे, घण

मामाचा भरपाईचा अर्ज मीच बिघडवला. ‘कामाचं हत्यार’ या रकान्यात ‘घण’ लिहायची मला लाज वाटली. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेल्या माणसाला तो शब्द जरा गावंढळ वाटला, म्हणून वळणदार अक्षरात ‘हातोडा’ लिहून मोकळा झालो.

बावीस वर्षं भिंती पाडून मामाचा उजवा खांदा निकामी व्हायला आला होता. भरपाई मिळाली तर ऑपरेशन, नाहीतर हात गेला म्हणून समजा, असं डॉक्टर म्हणाले होते. भरपाईच्या कचेरीतल्या साहेबांनी अर्ज परत पाठवला. खिळे ठोकून कुणाचा खांदा जातो का, असा वर शेरा.

मामा चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं मला शेजारी बसवून समजावलं. हातोडा एका हाताचा, सुताराचा. घण दोन हातांचा, दहा किलोचा, कमरेएवढ्या दांड्याचा. आणि घण मारायचा नसतो, उचलून सोडायचा असतो. भिंत त्याच्या वजनानं पडते. मारणारा नवशिका, महिनाभरात घरी बसतो.

“सोडणारा बावीस वर्षांनी बसतो, एवढाच काय तो फरक,” मामी आतून म्हणाली.

शब्द बदलायला मुकादमाची सही लागणार होती. तो मामाला पहिल्या दिवसापासून ओळखत होता. तरी म्हणाला, कागदावर तू हातोडेवाला. घणवाला असशील तर दहा घाव घालून दाखव. मामाचा घण औषधपाण्यात विकला गेला होता, म्हणून एका जोडीदाराचा मागून आणला. सगळी टोळी चहाचे कप घेऊन बघायला उभी. खिळे आणलेत का, असं कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले.

सहा घाव मामानं डाव्या हाताच्या जोरावर सोडले. सातव्याला खांद्यातून निघालेला आवाज माझ्यापर्यंत आला. उरलेले तीन त्यानं सोडले नाहीत, मारले. भिंत पडली, दांडाही तडकला.

मुकादमानं ‘हातोडा’ खोडून ‘घण’ लिहिलं. खाली आणखी एक ओळ घातली आणि सही ठोकली. ती ओळ मी मोठ्यानं वाचली, तेवढं येतं मला: ‘समक्ष दहा घाव घातले, कामास समर्थ.’

मामानं घाम पुसत विचारलं, “शब्द बरोबर आहे ना आता?”

साहेबांनी अर्ज कायमचा निकालात काढला. मामाचा हात आता ताटापर्यंत पोचत नाही, मामी भरवते. जोडीदाराला नवा दांडा द्यायचाय. तो दोनदा दारापर्यंत आला, आत बघितलं, आणि न मागताच परत गेला.