लेक सिस्टर, सून सिस्टर

माझी नणंद सकाळी स्कूटी बाहेर काढती तवा मी गोठ्यात शेण भरत आसती. तिचा पांढरा ड्रेस, पांढरं बूट, केसाला काळ्या पिना, आन् माझी सासू, तिला मी आत्या म्हणती, त्या तिचा डबा घिऊन मागं मागं, "आगं दोन घास तरी खाऊन जा गं." मला या घरात कुणी दोन घास खा म्हणलं न्हाय. मी वाकून पाटी भरती आन् मनात म्हणती, पडू दे हिची स्कूटी. लागू नको दे, पर पडू दे, चिखलात, पांढऱ्या ड्रेससकट.

ती बारामतीला एका दवाखान्यात सिस्टर हाय. माझ्याच वयाची. तिला बारावी करून नर्सिंगला घातलं आन् मला म्हायेरी अंथुर्ण्यात अकरावीतनं काढून तिच्या भावाला दिलं, हितं काटेवाडीजवळ. गावात कुणाला सलाईन लावायचं आसलं, कुणाची शुगर बघायची आसली की पोरं पळत दारात, "सिस्टर हाय का?" कुणी माझं नाव घेत न्हाय. मी "सिस्टरची वैनी". माझी पोरगी वर्षाची न्हाय आजून, तिला लस टोचली तवा माझ्या मांडीवर घसा फाटंस्तोवर रडली आन् नणंदेनं उचलली की गप. तवा तर मला आसं झालं की पोरगी हिसकून घ्यावी.

एकदा जेवताना माझ्या तोंडनं निघून गेलं, "मला जमंल का वो नर्सिंग?"

मालक दुधाचा टेम्पो चालवत्यात, ते आसं हसलं की ठसका लागला. "तुला? कोंबडी कापताना परड्यात पळून जाती तू!"

नणंद मातुर हसली न्हाय. ती म्हणली, "येऊ दे की दादा. आमच्या मोठ्या सिस्टरला मदतीला बाई पायजे हाय. थोडे दिवस येऊन बघंल. जमलं तर ठेवून घेतील, बारावी भायेरनं दी, मग कोर्सचं बघू."

आत्यांनी भाकरी थापता थापता सांगितलं, "पोर मी संभाळीन. पर बघून घे, मग हो म्हण. एकदा हो म्हणलीस आन् मधीच पळून आलीस तर मला भावकीत तोंड काढायला जागा न्हाय ऱ्हायची."

मला भ्या वाटलं. मला सगळ्याचंच भ्या वाटतं, लिफ्टचं, रक्ताचं, इंग्रजीत बोलणाऱ्या डॉक्टरचं. मेथी निवडताना मी नणंदेला इचारलं, "ताई, तुमाला कसं कळलं, आपल्याला हे जमंल म्हणून?"

"कळत बिळत न्हाय वैनी. वास सहन झाला की झालं."

एवढंच बोलली. मला वाटलं मुद्दाम लपवती.

तर मी जायला लागले, तिच्याच स्कूटीवर, मागं बसून. पैल्याच दिवशी मोठ्या सिस्टर म्हणल्या, "ओढणी काढून ठेव. सलाईनच्या स्टँडला आडकती." लग्न झाल्यापास्नं मी डुईवर काय न्हाय आशी गावच्या वाऱ्याला उभी ऱ्हायले न्हाय. ओढणी घडी करून कपाटात ठेवली आन् दिवसभर मला मागं कुणीतरी बघतंय आसं वाटायचं. दुपारी दूध दाटून यायचं, छाती दगडावाणी, कुणाचं बी बारकं रडलं की ड्रेस भिजायचा, मी बाथरूममधी जाऊन पिळायची आन् रडायची. घरी पोरगी आत्यांच्या खांद्यावर. संध्याकाळी मी हात पसरलं की तोंड फिरवायची, डेटॉलचा वास यायचा ना मला. मग आत्यांचा बी हेवा. हेव्याला काय, जागा मिळंल तितं बसतो.

वास सहन झाला मला. रक्त बी झालं, पैल्या दिवशी भिंतीला धरून बसले, मग झालं. मी मनात म्हणायची, बघ, तुझ्यापेक्षा लौकर जमवती का न्हाय. आन् ती वार्डातनं जायची, पेशंट म्हणायचं, "सिस्टर, जरा हिकडं या की," आन् मी शेजारी उभी आसून माझ्याकडं कुणी बघायचं न्हाय. माझ्या जिवाला लागायचं.

आन् मग आमचं थोरलं मामा आलं.

थोरलं मामा म्हंजी माझ्या सासऱ्याचं चुलत भाऊ, शेजारच्याच वस्तीवर ऱ्हात्यात. गोठ्यात पाय घसरून पडलं, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आख्खी भावकी त्यांना आबा म्हणती, नणंद बी आबा म्हणती, त्यांच्या खाटंवर बसून त्यांच्या ताटातलं खाल्लेली लेक ती. आन् मी सून. आमच्यात सुना थोरल्या माणसाम्होरं डुईवर पदर घिऊन येत्यात, चहा ठेवायचा आन् माघारी. लग्न झाल्यापास्नं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले न्हाय, ते बी माझ्याशी बोललं न्हायती. काय पायजे आसलं तर भिंतीकडं बघून म्हणायचं, "पोरांनू, पानी आणा म्हणावं."

त्या दिवशी त्यांचा ल्योक औषधं आणायला खाली गेलता. वॉर्डबॉय दुसऱ्या पेशंटला हाडाचा फोटो काढायला घिऊन गेलता. नणंद ऑपरेशनमधी. मी पडद्याच्या हिकडं चादरी घड्या घालत व्हते आन् त्यांचा आवाज आला, "कोण हाय का?"

माझा हात सरळ डुईवर गेला. डुईवर काय नव्हतं. मी पडद्यामागंच उभी. शेजारच्या खाटंवर एका पेशंटची बायको मोसंबी सोलत बसलीती, मी तिला हळूच म्हणलं, "त्यांना इचारा ना, काय पायजे."

ती माझ्याकडं बघतच ऱ्हायली. "आगं, सिस्टर तू का मी?"

"सासरं हायती माझं. चुलत."

"मग?"

"बोलत न्हाय मी."

तिनं मोसंबी खाली ठेवली आन् वराडली, "आबा, तुमची सून इचारती काय पायजे!"

मग आबा, म्हंजी थोरलं मामा, भिंतीला सांगितल्यावाणी म्हणलं, "लेकीला बोलवा आमच्या."

"ती ऑपरेशनमधी हाय म्हणावं," मी त्या बाईला म्हणलं.

"आवो ती ऑपरेशनमधी हाय!" ती वराडली, आन् मला म्हणली, "आता काय मी मधी टेलिफोन हाय व्हय तुमचा?"

"मग थांबतो," ते म्हणलं.

मला वास आला तवा कळलं. बेडपॅन मागायला हाक मारलीती त्यांनी, आन् उशीर झालता. ऑपरेशनची पट्टी वली झाली की जखम चिघळती, हे मला मोठ्या सिस्टरनं सांगितलंतं. आन् मला तवा कशाचा राग आला सांगू? लेकीला बोलवा म्हणलं याचा. घाणीत पडून ऱ्हातील, पर लेकीची वाट बघतील. हितं बी तीच. मी आख्खी उभी हाय, हात हायती मला, तरी तीच.

मी पाण्याचं भांडं घेतलं, हातमोजं घातलं, पडदा सारला. त्यांनी मला बघितलं, डुईवर पदर नसलेली, आन् डोळ्यावर हात घेतला. मी बी तोंड फिरवलं. मग आसं तोंड फिरवून कसं धुणार, म्हणून परत बघितलं. कुशीवर करायचं व्हतं, मोडलेला पाय हलू न देता, माझ्या एकटीच्यानं जमंना, तर ती मोसंबीवाली आली, खांद्याला धरलं, म्हणली, "मी धरती, तू कर." मी केलं. पुसलं, धुतलं, पावडर लावली, खालची चादर बदलली. पट्टी कोरडी व्हती. म्हातारं हाड, एवढंसं अंग, आन् या माणसाला भिऊन मी एवढी वरसं दाराच्या फटीतनं चहा ठेवत व्हते.

डोळ्यावरचा हात न काढता ते म्हणलं, "झालं का?"

मला. सरळ मला.

"झालं, मामा."

नणंद आली तवा मी भांडं धुवत व्हते. "वैनी, तुमी केलं? आबांनी करू दिलं?" मी नुसती मान हलवली. संध्याकाळी स्कूटीवरनं घरी निघालो. कॅनॉलच्या पुलावर ती म्हणली, "आबा मला म्हणत व्हतं, तुझ्याबिगर कुणाला हात लावू देणार न्हाय." मी मागं बसलेली, तिचं तोंड दिसंना, पर आवाज मला वळखू आला. आसाच आवाज माझ्या आत दोन वरसं बोलत व्हता. मला लई बरं वाटलं, आन् मग तेवढं बरं न्हाय वाटलं.

मामा घरी आल्यावर मी आत्यांसंगं बघायला गेले. नणंद त्यांच्या उशाला बसून मोबाईल दाखवत व्हती, बोडक्या डुईनं. मी पदर घेतला, चहा ठेवला, माघारी दारात. त्यांनी भिंतीकडं बघत कप उचलला, मी बी खाली बघितलं. दोघांनी बी काय व्हऊन गेलं ते दवाखान्यातच ठेवलं. आसं ठेवता येतं, हे मला म्हाईत नव्हतं. दवाखान्यातलं घरापतुर यील, मी त्यालाच भीत व्हते, रक्ताला न्हाय.

वाटंनं आत्या म्हणल्या, "मग? काय सांगायचं तुझ्या मोठ्या सिस्टरला?"

"हो म्हणते."

"उद्या तुझं सासरं आडमिट झालं तर?"

"तर मी आसंन की तितं."

आत्या थांबल्या. माझी पोरगी त्यांच्या खांद्यावर झोपलीती, तोंडाची लाळ त्यांच्या लुगड्यावर. "आन् हिचं काय? ही मलाच आय म्हणाया लागंल."

हे मला टोचलं. आजून टोचतं. मी म्हणलं, "म्हणू द्या. द्या हिकडं, जरा मी घेती." त्यांनी दिली. ती जागी झाली, तोंड वाकडं केलं, आत्यांकडं झेप घेतली, मी सोडली न्हाय. घरापतुर ती रडत आली आन् मी तिला घट्ट धरून चालत आले.