दोर किती लागला?

साऱ्या निपाणीत उद्याच्या संकटाची आजच तयारी करून ठेवणारा माणूस माझ्या मेहुण्यांइतका दुसरा नव्हता, आणि त्या तयारीवर पाणी फिरवणारा माझ्याइतका दुसरा नसेल. ते माझ्या पत्नीचे थोरले बंधू. आम्ही सगळे त्यांना आण्णा म्हणतो. तंबाखूचा पिढीजात व्यापार, वखारी भरलेल्या. पण लढाई लागली, साखर-रॉकेल मिळेनासं झालं, तसे ते आपल्याच वखारीकडं संशयानं बघू लागले. "दाजी, उद्या बाँब पडला तर खायाचं काय? तंबाखू?" असं ते मला विचारत, जणू तंबाखू मीच पिकवली होती. शेवटी त्यांनी ठरवलं की मोटारीच्या रस्त्यापासून लांब, बाहेरून मिठाखेरीज काही आणावं लागणार नाही अशी जागा शोधायची आणि सगळ्या गणगोतानं तिथं जाऊन राहायचं. मी बेळगावात शाळामास्तर, म्हणजे सुट्ट्या भरपूर. आणि बायकोच्या भावाला नाही म्हणायची छाती नाही. माझी एकही सुट्टी मग माझी राहिली नाही.

तयारीचा सराव आण्णांच्या घरातच सुरू झाला होता. मीठ पिकवता येत नाही म्हणून त्याची पोती माजघरात रचली. पावसाळ्यात ती पाझरली, जमीन निसरडी झाली आणि वहिनी चार महिने भिंत धरून चालल्या. रानात काड्याची पेटी कुठली मिळायला, म्हणून घरातली बंद केली. विस्तव राखेखाली जपायचा. तो एका सकाळी विझला. वहिनी चुलीपुढून न उठता म्हणाल्या, "रानात जाऊ तवा जाऊ. आत्ता काडी द्या, न्हायतर चहा प्यायला बाँबचीच वाट बघा."

जागा बघताना आण्णांना पसंत काहीच पडत नसे. बोरगावकडची काळी जमीन सोन्यासारखी होती, पण लांबवर मोटारीचा धुरळा दिसला आणि ते जोड्यात पाय घालू लागले. कडोलीला माणसं अगत्यानं बोलवून बसवून घेत होती, आण्णा म्हणाले, "हितं लई बोलत्यात. आपुन काय साठवलंय ते दोन दिसात गावभर व्हणार." एका रानात राखणदारानं सांगितलं की दुष्काळ पडला तरी जमिनीत कंद मुबलक आहेत. आम्ही जैन, कंद खात नाही. आण्णांनी त्या बिचाऱ्याकडं असं पाहिलं, की जणू त्यानं सगळं रान नासवून ठेवलं होतं. बसदी, म्हणजे आमचं देऊळ, जवळ हवी, तेलाचा घाणा हवा, मात्र माणसांची वर्दळ नको. मी वैतागून म्हणालो, "आण्णा, अशी जागा स्वर्गातच मिळंल." ते शांतपणे म्हणाले, "तितं बैलगाडी जात न्हाय."

आणि एका उन्हाळ्यात ती जागा सापडली. गुंजी स्टेशनात उतरून बैलगाडीनं, मग पायी गेलो. डोंगराच्या उतारावर एका म्हाताऱ्या जोडप्याचं शेत, भातखाचरं, फणसाची झाडं. म्हाताऱ्यानं कौतुकानं मधाचं पोळं दाखवलं, तेव्हा आण्णा तेवढ्यापुरते मागं सरले; मधही आम्हाला वर्ज्य. बाकी सगळं त्यांनी हात फिरवून फिरवून पाहिलं. बसदी टेकडीपलीकडं, घाणा शेजारच्या वाडीत. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "हितं समदी मावतील, दाजी. तुमची पोरंबी."

राहिलं होतं पाणी. विहीर उताराच्या तळाशी, आणि आण्णांचा गुडघा सुजलेला. म्हातारीनं घागर वर आणून दिली होती, ते पाणी आम्ही दुहेरी फडक्यातून गाळून प्यालो. गाळताना फडक्यात बारीक जीव राहतात. ते फडकं गाळलेल्या पाण्यात विसळायचं आणि ते जिवांचं पाणी, म्हणजे जिवाणी, त्याच विहिरीत परत सोडायची, असा आमच्यात नेम आहे. वरून ओतायची नाही; दोराला बांधलेला तांब्या पाण्याला टेकवून हळू पालथा करायचा. आण्णांनी तांब्या आणि दोर माझ्या हातात दिला. "दोर किती लागतोय तेवढं बघा. उन्हाळ्याचं पाणी किती खोल हाय ते कळंल."

माझ्या टाचेला फोड आले होते. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं, मग गाडी गाठायची. अर्ध्या उतारावर मी थांबलो, इकडंतिकडं पाहिलं आणि तांब्या बांबूच्या बेटाच्या बुडात रिकामा केला.

वर आल्यावर आण्णांनी विचारलं, "दोर किती लागला?"

जागा घेतली तर माझ्या उरलेल्या सुट्ट्या इथं चिखल तुडवण्यात जाणार, एवढंच मला दिसत होतं. मी म्हणालो, "सगळा सोडला. तरी जेमतेम टेकला."

त्यांनी कुणाला विचारलंसुद्धा नाही. जिवाणी सोडून आलेला माणूस खोटं बोलेल, हे त्यांच्या कल्पनेतच नव्हतं. थोडा वेळ ते फणसाखाली बसले, मग धोतर झटकून उठले. "मग न्हाय जमायचं."

त्यानंतर त्यांनी जागा बघणं सोडलं. मला हायसं वाटलं, ते माझ्या पत्नीनं एक गोष्ट सांगेपर्यंतच. त्यांच्या लहानपणी प्लेग आला, गाव मोकळं झालं. सगळ्यांना पुरेल एवढं पाणी आणि जागा कुठंच मिळेना, म्हणून पोरं वेगवेगळ्या नातेवाइकांकडं वाटली. आण्णांची पाठची बहीण मावशीकडं गेली ती परत आली नाही. "सगळ्यांनी एका ठिकाणी ऱ्हायचं, एवढंच त्यास्नी पायजे," पत्नी म्हणाली.

आमच्यात भाद्रपदात क्षमावाणीला सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते, वर्षभरात जाणता-अजाणता जे झालं असेल त्याची. दर वर्षी मी आण्णांपुढं हात जोडले आणि त्या 'जाणता-अजाणता'च्या आड लपलो. दर वर्षी ते म्हणाले, "तुमी कसली क्षमा मागतासा, दाजी? माझ्यामागं तुमीच हिंडलासा."

लढाई संपली. बाँब काही पडला नाही. गेल्या उन्हाळ्यात मी होऊन म्हणालो, "आण्णा, गुंजीला जाऊन येऊ." ते चकित झाले, पण फडकं, तांब्या आणि दोर घेऊन निघाले. ते शेत केव्हाच दुसऱ्यानं घेतलं होतं. आण्णा त्याच फणसाखाली बसले. नव्या घरधनिणीनं दिलेलं पाणी आम्ही गाळलं आणि जिवाणी घेऊन मी उतरलो, या वेळी तळापर्यंत. तांब्या सोडला. दोराचं वेटोळं हातात तसंच होतं, आणि तांब्या पाण्याला टेकला.

वरून तीच हाक आली, "दोर किती लागला?"

"निम्माबी न्हाय, आण्णा!" मी ओरडलो. आवाज विहिरीत घुमला. मग उतार चढून त्यांच्यासमोर उभा राहिलो. "त्या दिवशी मी विहिरीपर्यंत गेलोच नव्हतो. जिवाणी बांबूत ओतली आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला क्षमा करा."

आण्णांनी त्या परक्या खाचरांकडं एकदा पाहिलं आणि माझ्या हातातला तांब्या घेतला.

"आज तरी हळू पालथा केलासा न्हवं?"

"व्हय, आण्णा. हळूच."