शिशीला बांधलेला दोरा

समोरच्या बिऱ्हाडातला कारकून कचेरीत निघण्याआधी तेलाच्या शिशीला, तेल असेल तिथं, दोरा बांधून जायचा. संध्याकाळी तेल दोऱ्याच्या बोटभर खाली दिसलं की बायकोचा उद्धार! बर्डीच्या बाजारात तेल महागलं होतं, मान्य. पण घरच्या बाईवर पहारा? ती बिचारी दुपारी गुपचूप यायची आणि मी माझ्या डब्यातलं जवसाचं तेल तिच्या वाटीत ओतायचे.

एका रविवारी हा अंगणात सगळ्यांसमोर मलाच म्हणतो, “वहिनी, इतकं तेल काहून लागते जी तुमच्या घरी? आमची शिशी पहा, महिनाभर पुरते!”

अंगाचा तिळपापड झाला. मेल्या, तुझ्या भाजीला फोडणी माझ्या तेलाची आहे, असं तोंडावर म्हणणारच होते. पण त्याच्यामागे दारात ती उभी होती, माझ्याकडून नुकतीच भरून नेलेली वाटी पदराखाली लपवून.