तळहातावरचं ऊन

दुष्काळात पाथर्डीकडच्या खडीच्या कामावर मी कारकून होतो. कुणी पाहुणा आला की गावातल्या फोटोग्राफरला मीच बोलवायचो. तो यायचा थकलेलाच. उन्हात स्वतःचा तळहात धरून बघायचा, ‘हं’ म्हणायचा आणि मगच कॅमेऱ्याचा स्पीड लावायचा.

एकदा पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक पुढारी खडी फोडणाऱ्या बायांमध्ये उभे राहिले. फोटो आला तेव्हा पदराच्या सावलीतली एकूण एक बाई स्पष्ट होती आणि पुढारी नुसता पांढरा डाग.

“स्पीड चुकला का हो?” मी विचारलं.

“न्हाई. बायांची तोंडं दिसावी म्हनून कमीच ठिवला, उजेड जास्त घेतला. फिल्मबी जास्त येळ धुतली. त्येंचे फोटू लई हायेत, भाऊसायेब. ह्या बायांचा ह्यो पयलाच.”

त्याला पुन्हा बोलवायचं नाही, असा हुकूम निघाला. तो मीच लिहिला, चांगल्या अक्षरात.